संगणकातील फोटो पोर्टेबल ड्राइव्हवर उतरवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील कोथरूडमधील आमच्या सोसायटीत आणि नात्यागोत्यात, लॅपटॉप भरला की तो घेऊन माझ्याकडे येण्याची बऱ्याच जणांना सवय झाली आहे. बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये दहा-पंधरा वर्षांचे फोटो असतात, हातात नवा ड्राइव्ह असतो आणि प्रश्न जवळजवळ तेच असतात. ते प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. उत्तरे मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहेत. मॅकवर जिथे वेगळे करावे लागते, तिथे तसा उल्लेख केला आहे.

पेनड्राइव्ह, पोर्टेबल हार्ड डिस्क आणि एसएसडी यांपैकी काय घ्यावे?

घरातील सगळा संग्रह ठेवायचा असेल तर पेनड्राइव्ह नको. तो फोटो इकडून तिकडे नेण्यासाठी चांगला, वर्षानुवर्षे जपण्यासाठी नाही. शिवाय तो हरवतोही लवकर. पोर्टेबल हार्ड डिस्क त्याच पैशांत जास्त जागा देते, पण तिच्यात फिरणारी तबकडी असल्यामुळे चालू असताना धक्का बसला किंवा टेबलावरून खाली पडली तर ती निकामी होऊ शकते. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो, ती वेगवान असते आणि प्रवासात निर्धास्तपणे नेता येते. मात्र तेवढ्याच जागेसाठी तिची किंमत बरीच अधिक पडते, आणि वर्षानुवर्षे वीजजोडणीशिवाय कपाटात पडून राहण्यासाठी ती बनलेली नाही. म्हणून घरी एका जागी राहणाऱ्या संग्रहासाठी हार्ड डिस्क आणि सतत बरोबर न्यायच्या फोटोंसाठी एसएसडी, असे मी सुचवते.

किती क्षमतेचा ड्राइव्ह लागेल? एक टेराबाइटचा ड्राइव्ह घेतला, पण संगणक ९३१ जीबीच दाखवतो. फसवणूक झाली का?

फसवणूक नाही. ड्राइव्ह बनवणारे एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट असा दशमान हिशोब करतात, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे तीच जागा ९३१ या आकड्यात दिसते. क्षमता ठरवताना आपल्या फोटोंचा सरासरी आकार पाहावा. पाच एमबीचा एक फोटो धरला तर एक टेराबाइटमध्ये सुमारे दोन लाख फोटो मावतात; कॅमेऱ्यातून पंचवीस एमबीच्या रॉ (न आवळलेल्या मूळ) फाइल येत असतील तर सुमारे चाळीस हजार. खरी जागा खातात ते व्हिडिओ. लग्नमुंजीचे पूर्ण चित्रीकरण संग्रहात असेल तर आजच्या गरजेच्या दुप्पट क्षमता घ्यावी.

ऑनलाइन सोळा टेराबाइटचा ड्राइव्ह हजार रुपयांच्या आत मिळतो आहे. घ्यावा का?

अजिबात घेऊ नये. अशा ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात थोडीशीच जागा असते आणि आतली प्रणाली संगणकाला खोटा आकडा सांगते. खरी जागा संपली तरी कॉपी चालूच राहते, फाइलींची नावेही दिसतात, पण आत फोटो नसतो. नुकसान कळते ते कित्येक महिन्यांनी. ड्राइव्ह तापकीर गल्लीसारख्या बाजारात घ्या किंवा घरबसल्या मागवा, पक्के बिल आणि कंपनीची वॉरंटी मिळत असेल तरच घ्यावा. शंका आली तर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ या मोफत प्रोग्रामने रिकामा ड्राइव्ह शेवटपर्यंत भरून आणि परत वाचून खरी क्षमता तपासता येते.

नवा ड्राइव्ह आधी फॉरमॅट करावा लागतो का?

बहुतेक ड्राइव्ह वापरण्यास तयार अवस्थेतच येतात. तरीही ड्राइव्हवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत, कोणती आहे ते एकदा पाहावे. एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर बसत नाही. ड्राइव्हवर जागा भरपूर असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो तो यामुळेच, आणि तो बहुधा एखाद्या लांब व्हिडिओच्या वेळी येतो. केवळ विंडोज वापरत असाल तर एनटीएफएस उत्तम. घरात विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट निवडावे, कारण मॅक एनटीएफएसवरील फोटो वाचू शकतो, पण स्वतःहून त्यावर लिहू शकत नाही. फॉरमॅट केल्याने ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते. त्यामुळे हे काम पहिला फोटो टाकण्यापूर्वीच करावे.

फोटो नक्की कोणत्या फोल्डरमधून उचलायचे?

या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण कॉपी करणे सोपे असते, राहून गेलेले शोधणे अवघड. ‘पिक्चर्स’ हा एकच फोल्डर उचलून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात फोटो डेस्कटॉपवर असतात, ‘डाउनलोड्स’मध्ये असतात, व्हॉट्सअॅपवरून उतरवलेले वेगळे असतात, आणि घरातील प्रत्येकाचे विंडोज खाते वेगळे असेल तर त्या-त्या खात्यात निराळे असतात. डी ड्राइव्ह असेल तर तोही उघडून पाहावा. फाइल एक्सप्लोररच्या शोधपट्टीत ‘काइंड’ हा शब्द, मग अपूर्णविराम आणि ‘पिक्चर’ असे इंग्रजीत लिहून संपूर्ण ड्राइव्हवर शोध घेतला, तर विसरलेले फोल्डर वर येतात.

दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिले म्हणजे वनड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण. फोटोच्या नावाशेजारी निळ्या ढगाचे चिन्ह असेल तर तो फोटो आपल्या संगणकात नाही. तो इंटरनेटवर आहे आणि इथे फक्त त्याची खूण आहे. तो फोल्डर निवडून उजव्या कळीने ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ म्हणावे, सगळे फोटो उतरून ढगाच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत थांबावे आणि मगच कॉपी करावी.

दुसरे म्हणजे शॉर्टकट, म्हणजे खऱ्या फोल्डरकडे नेणारे नुसते चिन्ह. माझ्या मावशीने नातीच्या बारशाचे फोटो ड्राइव्हवर ‘घेतले’ आणि लॅपटॉप विकण्याआधी सहज मला दाखवायला आणला. ड्राइव्हवर ‘बारसे’ नावाचे एकच चिन्ह होते, त्याच्या डाव्या कोपऱ्यात छोटासा वाकडा बाण होता आणि आकार होता जेमतेम एक केबी. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट तिने कॉपी केला होता. फोटो अजून लॅपटॉपमध्येच होते. तिच्या लॅपटॉपवर तो शॉर्टकट नेहमी उघडत असल्यामुळे शंका येण्याचे काही कारणच नव्हते. आकडा पाहिला म्हणून ते फोटो वाचले. कोपऱ्यात बाण असलेले कोणतेही चिन्ह कॉपी करू नये, त्याच्या मागचा खरा फोल्डर शोधावा.

कॉपी करावे की कट?

नेहमी कॉपी. कट करून पेस्ट केल्यास एक-एक फाइल तिकडे पोहोचली की मूळ जागेवरून नाहीशी होते. मध्येच केबल हलली तर काही फोटो इकडे, काही तिकडे अशी विभागणी होते आणि ती निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो. फोल्डर निवडावा, कंट्रोल आणि सी दाबावे, ड्राइव्ह उघडून कंट्रोल आणि व्ही दाबावे. संग्रह मोठा असेल तर तो एकदम न उचलता वर्षावार उचलावा. एखाद्या वर्षी अडचण आली तर तेवढेच पुन्हा करता येते.

किती वेळ लागेल? शेजाऱ्यांचे वीस मिनिटांत झाले, माझे दोन तास चालू आहे.

वेळ केबल आणि पोर्टवर फार अवलंबून असतो. यूएसबी २.० ची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट, म्हणजे दहापट. साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कने सेकंदाला १०० एमबी लिहिले तर २०० जीबी अर्ध्या तासाहून थोड्या अधिक वेळात उतरतात. तीच डिस्क जुन्या पोर्टला लावली तर वेग ३५ एमबीच्या आसपास येतो आणि दीड तास उलटून जातो. अनेक संगणकांवर वेगवान पोर्टच्या आत निळी पट्टी असते. ती पाहून जोडावे. ड्राइव्हबरोबर आलेलीच केबल वापरावी. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूचा पोर्ट बरा, कारण पुढच्या पोर्टला किंवा स्वस्तातल्या हबला कधीकधी पुरेशी वीज मिळत नाही आणि ड्राइव्हची जोडणी मध्येच तुटते. हजारो छोट्या फाइल असतील तर तेवढ्याच आकाराच्या एका मोठ्या फाइलपेक्षा जास्त वेळ लागतो, हे स्वाभाविक आहे.

आपल्याकडे गुरुवारी देखभाल-दुरुस्तीसाठी वीज जाण्याची शक्यता असते, तेव्हा डेस्कटॉपवरून मोठा संग्रह उतरवण्यासाठी दुसरा वार निवडावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवावा आणि काम होईपर्यंत तो झोपी जाणार नाही असे पॉवर सेटिंगमध्ये करावे.

मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली, तर काय करावे?

कॉपी केले असेल तर मूळ फोटोंना धक्का लागलेला नसतो. ड्राइव्ह पुन्हा जोडावा. विंडोजने तपासणी करू का असे विचारले तर करू द्यावी. नंतर तोच फोल्डर पुन्हा कॉपी करावा. एकाच नावाच्या फाइल आहेत असा प्रश्न आला की ‘स्किप’ न म्हणता ‘रिप्लेस’ म्हणणे सुरक्षित, कारण तुटण्याच्या क्षणी जो फोटो चालू होता तो ड्राइव्हवर अर्धवट असू शकतो आणि ‘स्किप’ केल्यास तो तसाच राहतो. मात्र मूळ फोल्डर कोणता आणि प्रत कोणती, याची दिशा एकदा वाचून खात्री करून घ्यावी. वारंवार असे होत असेल तर विंडोजमध्ये आधीपासून असलेले रोबोकॉपी किंवा मोफत मिळणारे फ्रीफाइलसिंक वापरावे. राहिलेल्या आणि बदललेल्या फाइली ते स्वतः ओळखतात. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘मिरर’ हा पर्याय निवडल्यास मूळ जागी नसलेल्या फाइली ड्राइव्हवरूनही पुसल्या जातात, म्हणून नवख्यांनी ‘अपडेट’ हाच पर्याय घ्यावा.

सगळे फोटो नीट उतरले आहेत, हे कसे ओळखायचे?

‘फोल्डर दिसतो आहे’ एवढ्यावर थांबू नये. आधी ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करून, म्हणजे संगणकाला सांगून सुरक्षितपणे काढून, पुन्हा जोडावा. याला कारण आहे: नुकतीच कॉपी केलेली फाइल उघडली तर संगणक ती कधीकधी स्वतःच्या मेमरीतून दाखवतो, ड्राइव्हवरून नाही. त्यानंतर मूळ फोल्डरवर आणि ड्राइव्हवरील फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून फाइलींची संख्या व बाइटमधील ‘साइज’ ताडून पाहावा. हे आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. खालचा ‘साइज ऑन डिस्क’ हा आकडा मात्र वेगळा असू शकतो. दोन्ही ड्राइव्ह जागेचे तुकडे वेगवेगळ्या आकारांचे पाडतात म्हणून तो फरक पडतो, त्याची काळजी करू नये.

आकडे जुळल्यावर प्रत्येक वर्षातील पाच-सहा फोटो पूर्ण आकारात उघडून खालच्या कडेपर्यंत पाहावेत. बिघडलेला जेपीईजी फोटो पुष्कळदा वरून ठीक दिसतो आणि अर्ध्यानंतर राखाडी पट्टा येतो. लघुचित्रात हे लक्षात येत नाही. शक्य असेल तर हे दुसऱ्या संगणकावर करावे, म्हणजे शॉर्टकटची भानगडही तिथल्या तिथे उघडी पडते. ज्यांना याहून पक्की खात्री हवी, त्यांनी टेराकॉपीसारखा प्रोग्राम वापरावा. तो कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढून जुळवतो आणि एका बिटाचा फरकही दाखवतो.

कॉपी केल्यावर सगळ्या फोटोंवर आजचीच तारीख दिसते आहे. जुन्या तारखा गेल्या का?

गेल्या नाहीत. ‘डेट क्रिएटेड’ म्हणजे ती फाइल या ड्राइव्हवर कधी तयार झाली ती तारीख, म्हणून ती आजची दिसते. फोटो कधी काढला ही नोंद कॅमेरा फोटोच्या आतच एक्झिफ स्वरूपात लिहून ठेवतो आणि कॉपी केल्याने ती बदलत नाही. एक्सप्लोररमध्ये ‘डेट टेकन’ हा स्तंभ लावला की मूळ तारीख दिसते. व्हॉट्सअॅपवरून साध्या फोटोच्या रूपात आलेल्या चित्रांत मात्र ही नोंद उरत नाही आणि त्यांचा आकारही कमी केलेला असतो. म्हणून नातेवाइकांकडून समारंभाचे फोटो मागवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावेत, किंवा सरळ पेनड्राइव्हवर घ्यावेत.

फोल्डरना मराठीत नावे दिली तर चालतात का?

चालतात. एनटीएफएस आणि एक्सफॅट या दोन्हींत देवनागरी नावे टिकतात. ‘२०२४-११-२२ सुमेधची मुंज’ असे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने नाव दिले की फोल्डर आपोआप काळाच्या ओळीत लागतात. तारखेत तिरकी रेघ घालू नये, विंडोज ती स्वीकारत नाही. अंक एकतर सगळीकडे देवनागरी ठेवावेत किंवा सगळीकडे इंग्रजी, सरमिसळ करू नये. फोल्डरच्या आत फोल्डर आणि प्रत्येकाचे नाव लांबलचक असे झाले तर संपूर्ण मार्ग २६० अक्षरांच्या पुढे जातो आणि कॉपी अडू शकते, तेव्हा नावे सुटसुटीत ठेवावीत.

मॅकच्या फोटोज अॅपमधील फोटो कसे घ्यायचे?

तिथे सगळा संग्रह ‘फोटोज लायब्ररी’ या एकाच पेटीत असतो. ती पेटी जशीच्या तशी ठेवून पुढे तिथूनच वापरायची असेल तर ड्राइव्ह मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने, म्हणजे एपीएफएसने फॉरमॅट केलेला असावा. विंडोजवरही पाहायचे असतील तर अॅपमध्ये फोटो निवडून ‘एक्स्पोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल’ हा पर्याय घ्यावा. आयक्लाउडमध्ये ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ सुरू असेल तर सगळे मूळ फोटो मॅकवर असतीलच असे नाही. आधी ‘डाउनलोड ओरिजिनल्स’ करून ते उतरू द्यावेत.

आयफोनचे काही फोटो विंडोजवर उघडत नाहीत. ते खराब आहेत का?

बहुधा नाही. २०१७ मधील आयओएस ११ पासून आयफोन एचईआयसी प्रकारात फोटो साठवतो आणि ते पाहण्यासाठी विंडोजला काही वेळा वेगळे एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लागते. मूळ फाइल तशीच ड्राइव्हवर ठेवावी. जेपीईजी हवे असेल तर त्याची वेगळी प्रत करावी. फोटोच्या नावाची छोटी व्हिडिओ फाइल शेजारी दिसली तर ती लाइव्ह फोटोची जोडी असते, ती पुसू नये.

ड्राइव्ह काढण्यापूर्वी इजेक्ट करणे खरेच गरजेचे आहे का?

होय. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण आपोआप लागू असते, त्यामुळे धोका कमी झाला आहे, पण लिहिणे चालू असताना केबल ओढली तर फाइल आणि कधी संपूर्ण फाइल सिस्टिमही बिघडू शकते. इजेक्ट करून हार्ड डिस्कची घरघर थांबेपर्यंत काही सेकंद थांबावे, मग उचलावी.

आता लॅपटॉपमधील मूळ फोटो पुसून टाकू का?

वरची तपासणी झाली आणि दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एक प्रत झाली, तरच. फोटो लॅपटॉपवरून पुसून एकाच ड्राइव्हवर ठेवले तर आपण त्यांची प्रत केली नाही, फक्त जागा बदलली. ड्राइव्ह पडतात, चोरीला जातात, काही सूचना न देता बंद पडतात. दुसरा ड्राइव्ह शक्यतो वेगळ्या कंपनीचा असावा आणि तो वेगळ्या घरात ठेवावा.

वेगळे घर हा माझा आग्रह आहे आणि त्यामागे आमच्या घरची गोष्ट आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरले. नारायण पेठेतील आमच्या आजोबांच्या घरातील सगळे अल्बम त्या दिवशी गेले. त्यापूर्वीचा घरातील एकच फोटो आज आमच्याकडे आहे, आजीच्या लग्नाचा, आणि तो उरला तो त्याची एक प्रत तिच्या माहेरी वाईला होती म्हणून. आजही पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नदीकाठच्या सोसायट्यांत पाणी शिरते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर ते आपण पाहिले. एक ड्राइव्ह आपल्याकडे आणि दुसरा निगडीच्या बहिणीकडे किंवा साताऱ्याच्या काकांकडे, एवढी व्यवस्था करायला फार खर्च येत नाही.

गूगल फोटोजमध्ये सगळे आहे, मग ड्राइव्ह कशाला?

१ जून २०२१ पासून तिथली अमर्याद मोफत साठवण बंद झाली आणि १५ जीबीची मर्यादा जीमेल, गूगल ड्राइव्ह व फोटोज यांत मिळून मोजली जाते. शिवाय ‘स्टोरेज सेव्हर’ हा पर्याय निवडलेला असेल तर तिथे मूळ फोटो नसून आवळलेला फोटो असतो. फोनवरून एखादा फोटो पुसला तर तो तिथूनही जाऊ शकतो. तिसरी प्रत म्हणून ही सोय जरूर ठेवावी. ड्राइव्हला तो पर्याय मानू नये.

फोटो छापायला दुकानात द्यायचे आहेत. हाच ड्राइव्ह नेऊ का?

नेऊ नये. दुकानातील संगणकाला दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह लागतात आणि त्यातून फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारे व्हायरस पसरतात. छापायचे तेवढेच फोटो वेगळ्या पेनड्राइव्हवर न्यावेत आणि परत आल्यावर तो पुसून टाकावा. घरातील लहान मुलांचे, कागदपत्रांचे फोटो असलेला संपूर्ण संग्रह परक्या संगणकाला जोडण्याचे काहीच कारण नसते.

ड्राइव्ह कसा आणि कुठे ठेवावा?

कोरड्या जागी, झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून. माळ्यावर पत्र्याखाली किंवा बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कपाटात नको. डब्यावर कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचे फोटो आहेत ते चिकटवावे. वर्षातून दोनदा, मी दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला करते, दोन्ही ड्राइव्ह जोडून काही फोटो उघडून पाहावेत आणि नवे फोटो भरावेत. एसएसडी असेल तर हे चुकवूच नये. हार्ड डिस्क पाच-सहा वर्षांची झाली की चालू असतानाच संग्रह नव्या ड्राइव्हवर उतरवावा.

ड्राइव्हमधून टकटक आवाज येतो आहे, किंवा चुकून फोल्डर पुसला गेला. काय करू?

आवाज येत असेल तर तत्क्षणी बंद करावा आणि पुन्हा-पुन्हा जोडून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नात तबकडीवर ओरखडे वाढण्याची शक्यता असते. दुसरी प्रत नसेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्यावे, आणि खर्चाचा अंदाज व आपले फोटो कोण पाहणार याची विचारणा आधी करावी. चुकून पुसले असेल तर त्या ड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये, कारण पुसलेल्या फोटोंची जागा नव्या फाइली घेतात. फोटोरेक या मोफत प्रोग्रामने हार्ड डिस्कवरील पुसलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात, फक्त ते दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवावेत. नावे आणि फोल्डर मात्र परत मिळत नाहीत. एसएसडीवर ही आशा कमी असते.